तिसरं बसकर

आई, आज तुझ्याशी भांडायला बसलोय. तू गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली, पण हे भांडण त्याच्याही आधीचं, एकोणऐंशी सालचं आहे. सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. नाशिकरोडच्या दवाखान्यातून बायकोला घरी आणलं आणि चौथ्या दिवशी मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर हजर झालो. गेटवर, कँटीनमध्ये सगळे एकच विचारायचे, "वहिनी बऱ्या हायेत ना आता?" माझंही बाळ गेलं होतं, हे कुणाच्या गावीच नव्हतं.

रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आत तुम्ही दोघी जमिनीवर, डोळे मिटून. विहारात भन्तेजींनी शिकवलेलं तू तिला शिकवतेयस. "आलेला श्वास बघायचा, गेलेला बघायचा. अडवायचा नाय. रडू आलं तर त्येबी बघायचं." ती रडते, तू तिच्या पाठीवर हात ठेवतेस. स्टो थंडगार. माझ्या पोटात दुखतं, आई. आई माझी, बायको माझी, आणि दुःखात मात्र मला वाटा नाही.

त्यात ते तिसरं बसकर. जुन्या लुगड्यांची शिवलेली तीन बसकरं तू रोज पसरायचीस. दोन तुमची, तिसरं रिकामं. ते बाळाचं, असं मी धरून चाललो. जे जन्मलंच नाही त्याला तुमच्यात जागा होती, मला नव्हती. एकदा मी खेकसलो, "चहा मिळंल का, का तोबी नाकानंच घ्यायचा?" डोळे न उघडता तू म्हणालीस, "दार नुसतं लोटलंय, कडी नाय लावली." मला तो टोमणा वाटला. दार ओढून घेतलं आणि टपरीवर जाऊन बसलो.

गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना ते बसकर निघालं. मी हिला म्हणालो, "बाळाचं अजून जपून ठेवलंस?" ही म्हणाली, "बाळाचं कुठलं? तुमचं ते. आई म्हणायच्या, त्याला बोलवू नको, तो आपला आपण येईल. वर्षभर पसरलं आम्ही."

आता सकाळी मी त्याच्यावर बसतो, हिच्या शेजारी. पहिल्याच दिवशी इतका रडलो की श्वास बघायचा राहूनच गेला. हिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी तुझ्यासारखा. बरं वाटलं. पण हे पत्र मी हिला दाखवणार नाही, घडी करून बसकराखाली सारणार आहे. कारण खरं सांगतो, अजूनही मी हिच्यावर जळतो. हिला तो हात तुझा मिळाला होता.