देव मुदतीत निघाला

सोमवार, अणदूर

मुंबईहून आलो तो थेट देवळात गेलो. आज खंडोबा नळदुर्गला निघाला. देव काही महिने आमचा, काही महिने त्यांचा; मुदत ठरलेली. बाया रडत होत्या, तरी नळदुर्गकरांच्या हाती देव दिलाच. गावातले वयस्कर शिवाप्पा डोळे पुसत मला म्हणाले, "आमदारसायेब, जीव लई तुटतो. पर मुदत संपली, मग ठेवून घ्यावा कसा?"

त्यांना काय ठाऊक. गेल्या आठवड्यात विधानसभेत विधेयक आलं: मुदत संपलेल्या पंचायतींवर प्रशासक, निवडणुका बेमुदत पुढं. आमच्याच पक्षाचा कोकणातला आमदार विरोधात बोलला. त्याचा नि माझा विचार एकच: मुदत संपली की निवडणूक. त्यावर भाषणं तर मीच जास्त ठोकलीत. मतदानाला मात्र मी 'होय' म्हणालो. सरकार दुखावलं तर मराठवाड्याचं पाणी अडेल, असं मनाला सांगितलं. खरं होतं का ते? थोडं. बाकी तिकिटाची भीती. मराठवाडा उगाच पुढं केला.

मुदत संपली, मग ठेवून घ्यावा कसा. किती सहज बोलले.

शिवाप्पांनी आग्रहानं पालखीला खांदा द्यायला लावला. वेशीवर कुणीतरी म्हणालं, "आमदार असावा तर असा." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, देवाला नमस्कार केला.