उडवलेली वजाबाकी

मंगळवार, संध्याकाळ, बारामती

आमच्या दूधकाट्यातल्या चिपला दशांशाचं गणित येत नाही, ते आम्हीच लिहून देतो. बेरीज-वजाबाकीचा कोड जवळपास सारखाच, म्हणून आज मी वजाबाकी उडवली. दुसऱ्या आकड्याचं चिन्ह उलटं करून बेरजेकडंच पाठवते. सगळ्या टेस्ट पहिल्या झटक्यात पास. पहिल्या झटक्यात? माझ्या?

घरी आले तरी खटकत राहिलं. निमगाव केतकीच्या डेअरीतले तात्या आठवले. नवा काटा दिला तेव्हा स्वतःचं लोखंडी वजन घेऊन आले होते. "काट्यालाच इचारून काटा तपासायचा व्हय, मॅडम?"

लॅपटॉप उघडला. टेस्टमध्ये उत्तर पडताळायला वेगळी वजाबाकी होती. तीही मला दुबार वाटली होती, तीही मीच उडवून त्याच बेरजेकडं वळवलीय. पहिल्या झटक्यात पास! माझी बेरीज स्वतःलाच शाबासकी देतेय.