जंगलवळण

६ जानेवारी
पोचले. बसमधून उतरले तेव्हा ऊन पडलं होतं आणि समोर तो उतार, पाच वर्षांची असल्यापासून ज्याच्यासाठी पहाटे उठले तो. स्कीइंगच्या डाउनहिल शर्यतीच्या संघात पाचवी मुलगी म्हणून मला, त्सेन्झी मोसब्रुगरला, घेतलं. कोच कासियान यांनी हात दाबून म्हटलं, तुझ्यासारखीच हवी होती. जेवणात सूपमध्ये पावाचे मोठे गोळे, दोनदा घेतले. खोलीत गेरट्राउड आहे. खिडकीजवळचा पलंग माझा. आईला फोन करून सगळं सांगितलं, अगदी उशीचा रंगसुद्धा.

८ जानेवारी
न्याहारीला गेरट्राउडने रिकाम्या खुर्चीवर बॅग ठेवली आणि जागा भरलेली आहे म्हणाली. बाकीच्या तिघींनी माना वर केल्या नाहीत. मी उभ्यानेच खाल्लं. मग सरावात दुसरी आले. चौघींनी पाठ फिरवली. खुशाल फिरवा. गोड बोलणाऱ्यांबरोबर मी कधी जिंकलेले नाही. कोणी राग धरला की माझे पाय हलके होतात.

११ जानेवारी
उतार जिथे झाडांत शिरतो, त्या जंगलवळणावर मागून स्कीचा आवाज आला. बर्फावर पोलादी कडा घासल्याचा, जाड कापड टरकावल्यासारखा. वाटलं, गेरट्राउड वेळेआधी सुटली. खाली पोचून शिव्या द्यायला वळले तर ती अजून वरच होती, वॉकीटॉकीवर तिचा आवाज येत होता. स्कींना मेण लावणाऱ्या म्हाताऱ्या लुडलने माझी डावी स्की उलटी केली. मागच्या टोकावर ताजी खाच होती, कोणाची स्की वर चढल्यासारखी. वेळ किती लागला, त्याने विचारलं. १:४१.२० सांगितल्यावर त्याने कानस खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला.

१४ जानेवारी
गेरट्राउड आज आपणहून बोलली. तीन वर्षांपूर्वी अपोलोनिया नावाची मुलगी १:४०.८७ मध्ये उतरली. पुढच्याच फेरीत जंगलवळणावर कडेच्या सुरक्षा जाळीत आदळली आणि मेली. तेव्हापासून तिच्या वेळेजवळ जी जाते तिच्या मागे अपोलोनिया येते. एकीचा कणा मोडला. दुसरी सापडली तेव्हा श्वास नव्हता.

“आम्ही चौघी तिथे मुद्दाम वेग कमी करतो,” ती म्हणाली. “कोचना माहीत आहे. म्हणून दरवर्षी ते तुझ्यासारखी एक नवीन आणतात, न थांबणारी. एक ना एक दिवस कोणीतरी तिला हरवेल म्हणून.”

मग माझ्याशी असं का वागलात, विचारलं.

“ओळख झाली की नंतर त्रास होतो गं, बावळट.”

१६ जानेवारी
वळणाआधी वेग कमी केला. मागे काही नाही. शांत. पाचवी, म्हणजे शेवटची आले. कोच ओरडले नाहीत. शनिवारच्या शर्यतीच्या यादीत माझ्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, मला दिसेल असं. परवा इतकी भ्याले होते, पण हे जास्त वाईट.

१७ जानेवारी
नाही थांबले. १:४०.९४.
ती शेजारी आली. आधी स्कीचं टोक, मग गुडघा, मग श्वास, माझ्या श्वासाच्या ठेक्यात. चेहरा बघितला नाही. हात सुन्न आहेत. लिहिता येत नाही नीट.
कोचनी प्रश्नचिन्ह खोडलं.

१८ जानेवारी, शर्यत
सुटायच्या जागेवरची लाकडी खोली. माझा क्रमांक चौदा. लुडलच्या पेन्सिलीने लिहितेय, वही त्याच्याकडेच देणार.
गेरट्राउडने बाही धरली. वळणावर वेग कमी कर त्सेन्झी, म्हणाली. पहिल्यांदा नाव घेतलं. मी हो म्हटलं.
खोटं बोलले —
बारावी गेली. कोच बाहेरून बघताहेत. माझ्याकडे नाही. माझ्या मागे.
पंधरावी समोर बाकावर आहे, बूट आवळतेय. मग माझ्या स्कींच्या मागच्या टोकांवर कोण —
वजन आहे. खरं वजन. मानेवर गार श्वास.
तेरावी गेली. लुडल हात पुढे करून उभा आहे, वही मागतोय. रडतोय तो.
अजून म्हणू शकते, पोट दुखतंय. आईकडे जाऊ शकते. पण सेकंदाचे सात शतांश, फक्त सात, वळणावर आतून घेतलं तर