रिकामी फेरी ग्राह्य नाही

१६ जून २०२५, सोमवार
आज नगरपरिषदेत वाहन विभागाचा लिपिक म्हणून रुजू झालो. सहा वर्षं बदली मागत होतो, म्हणून पेढे घेऊनच गेलो. पहिल्या प्रभागात दोन खोल्या मिळाल्या आहेत, नळाला रोज पाणी येतं, आणि बोरी अरबजवळचा आमचा तांडा इथून तासाभराच्या आत. याडीलाही सोबत आणलं. तांड्यात आईला याडीच म्हणतात. चाळिशी आली तरी माझ्या तोंडात दुसरं काही येत नाही.

वाहन विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि आवारात गंजत पडलेल्या पाच गाड्या. पंधरा वर्षं झालेली सरकारी गाडी आता रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून या भंगारात काढायच्या आणि भाड्याच्या आणायच्या. चालक जफरभाईंनी चहा पाजला. माणूस मोकळा वाटला. काम तर अगदी सोपं आहे.

८ जुलै
सोपं कसलं. पोर्टल दुपारी बारापर्यंत उघडत नाही आणि उघडलं की साहेब जेवायला गेलेले असतात. घंटागाड्यांची निविदा कशीबशी मंजूर झाली. शववाहिकेचा मसुदा मात्र तीनदा त्रुटी काढून परत आला. वरिष्ठ लिपिक भगवानराव सुपारी कातरत म्हणाले, मंजूर नमुना हाताशी असताना डोकं कायले लावता. मग वैतागून घंटागाडीचाच मसुदा उघडला, वरचं नाव तेवढं बदललं आणि पाठवून दिला. दहा मिनिटांत मंजूर. तीन आठवडे मी उगाच रक्त आटवलं.

१९ जुलै
याडी मोरीत घसरली. खुबा मोडलाय. पायाला वजन टांगून घरीच पाठीवर पडून आहे. आठ आठवडे जागची हलवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. शेजारच्या मोतीबाई दुपारी तिच्याजवळ बसतात, म्हणून मला कार्यालयात जाता तरी येतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार
शववाहिका आली. पांढरी, कोरी. पहाटे कोणीतरी आवारात लावून गेलं. कोण, ते चौकीदाराला सांगता येईना. पावती कोणाच्या नावाने फाडू? गाडीवर जफरभाईंना नेमलं. पहिल्याच दिवशी आमच्या प्रभागात फेरी झाली.

९ ऑगस्ट
आज लॉगबुक तपासलं. जुनी गाडी आठवड्यातून दोनदा निघायची. ही रोज निघते, आणि दिवसाला नेमकी एक फेरी. वेळा पाहून तर डोकंच फिरलं. गाडी सातला आवारातून सुटते आणि माणूस पावणेआठला जातो. वेळा खोट्या काहून लिहिता म्हणून जफरभाईंना झापलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मी थांबवतच नाई. ते सोताच थांबते. मंग घरातून रडनं आयकू येते." मी विचारलं, पिऊन गाडी चालवता का. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला मी हे विचारलं.

११ ऑगस्ट
सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबलेली पाहिली. चक्कीवाले दारात दात घासत होते. गाडीकडे पाहिलं, पायरीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

कार्यालयात जाऊन करारनामा काढला. मीच पाठवलेला, आणि आज पहिल्यांदा वाचला. कलम सात: वाहन दररोज क्रमाने एका प्रभागात फेरी करील. कलम आठ: सुट्टीच्या दिवशीही फेरीत खंड पडणार नाही. कलम नऊ: वाहन रिकामे परतल्यास फेरी ग्राह्य धरली जाणार नाही. कचऱ्यासाठी लिहिलेली कलमं. मी नाव बदललं, हे तसंच ठेवलं. दहा प्रभाग आहेत. म्हणजे आमची पाळी एक, अकरा, एकवीस, एकतीस.

१४ ऑगस्ट
शुद्धिपत्रकाची टिपणी घेऊन दिवसभर वणवण. मुख्याधिकारी प्रशिक्षणाला गेलेत. भगवानराव म्हणाले, "वापर रोजचा दिसून राह्यला, ऑडिटले चांगलंच हाय ना." बदलाचं कारण लिहा म्हणाले. काय लिहू? माणसं मरतात असं लिहिलं, तर शववाहिका त्यासाठीच असते असा शेरा मारून परत येईल. शेवटी टंकलेखनातली चूक असं लिहिलं. त्यावरही त्रुटी निघाली.

२१ ऑगस्ट
मोतीबाई गेल्या. सकाळी याडीला चहा देऊन घरी परतल्या आणि गाडी त्यांच्या दारात थांबली. त्यांचं दार आणि आमचं दार, मध्ये सहा पावलं. मी मोजली.

मोतीबाईंना मी मारलं. दुसरं काय म्हणू?

२२ ऑगस्ट
पोळा. कार्यालय बंद. गाडी चालू.

२६ ऑगस्ट
किल्ली लपवली. भगवानरावांनी कपाटातून दुसरी काढून दिली, आणि मला मेमो.

२८ ऑगस्ट
शुद्धिपत्रक मंजूर. खाली बारीक अक्षरात लिहिलंय — एक सप्टेंबरपासून लागू. महिना मध्येच तोडता येत नाही म्हणे. एका दिवसासाठी. फक्त त्या एकतीस तारखेसाठी मी —

पाय धरले. भगवानराव म्हणाले, सुट्टी घ्या, तब्येत बरी दिसत नाई तुमची.

३० ऑगस्ट
डॉक्टर नाहीच म्हणतात. हलवलं तर हाड सरकेल. याडी विचारते, तू असा काहून पाहतोस माझ्याकडे.

उद्या गाडी मीच नेणार. घरं नसतील तिथे. दिवसभर तिथेच उभी ठेवणार. जफरभाई नको म्हणाले. मग याडीजवळ बसतो म्हणाले.

३१ ऑगस्ट, रविवार
सात. निघालो. स्टेअरिंग आमच्या गल्लीकडे ओढतंय. दोन्ही हातांनी धरून —

आठ वीस. दारव्हा मागे पडलं. अजून पुढे जातो.

नऊ दहा. रस्त्याला सागाचं जंगल लागलंय. फोन केला. याडी चहा पितेय. तुम्ही कवा येता विचारून राह्यली, म्हणाले जफरभाई. वाचली. माझी याडी वाचली. गाडी चालवताना रडू —

नऊ पंचवीस. गाडी थांबली. मी ब्रेक दाबला नाही.

उतरून पाहिलं. घर नाही. झोपडी नाही. गुराखीसुद्धा नाही. बरं झालं, इथे तिला कोण मिळणार. इथे माणूसच —

मागचं दार उघडलंय. मी नाही उघडलं.

इथे माणूस म्हणजे मी एक