कारणाची रिकामी ओळ

लातूर, मंगळवार संध्याकाळ

सोपानरावांचा पाय आज घोट्याच्या वर कापावा लागला.

महिन्यापूर्वी तळपायाच्या जखमेसाठी ते माझ्याकडंच होते. घरी सोडताना, विम्यासाठी प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावणाऱ्या कोडिंगच्या मॅडम डिस्चार्जचा कागद घेऊन आल्या. "सर, जखम कशामुळं ते लिहा, नुसत्या जखमेला बरोबर कोड लागत नाही." शुगरमुळं, हे आम्हा दोघांनाही माहीत. पण सोपानरावांची बायको दारात हात जोडून उभी. "साहेब, शुगरचं नाव नका टाकू. जुना आजार म्हणून विमा मिळायचा न्हाई." मी ती ओळ रिकामी सोडली. स्वतःला भला माणूस समजून.

पुढं ते भोकरला लेकीकडं गेले. तिथल्या डॉक्टरनं माझा कागद वाचला आणि साधी जखम समजून मलमपट्टी करत राहिला. सोपानरावही गप्प. साहेबांनी लिहिलं नाही ते आपण कशाला सांगायचं? पाय काळा पडला तेव्हा त्यांना परत माझ्याकडं आणलं. त्या डॉक्टरला मी कोणत्या तोंडानं बोलू? रिकामी ओळ माझीच.

ऑपरेशननंतर बायको बाहेर भेटली. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

म्हणाली, "तवा तुम्ही आमचं ऐकलं साहेब, लई उपकार झाले. आताबी तेवढं शुगरचं लिहू नका."