रिलिव्हर लावून भोगलेली अटक

दापोडी,
गुरुवार, सकाळ

प्रिय बालमित्र भिमाजी यास कोंडीरामचा सप्रेम जय भीम. कौशल्या वहिनींना आणि निघोज्यातल्या सगळ्या थोरामोठ्यांना माझा नमस्कार पोचव.

पत्र बघून दचकू नकोस. कुणीही गेलेलं नाही. (हल्ली पोस्टमन दारात उभा राहिला की लोक आधी भिंतीला टेकतात, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितो.) तुझी साखर आटोक्यात असेल, वहिनींच्या खांद्याची कळ कमी झाली असेल आणि घरामागच्या नव्या कंपनीच्या भिंतीनं तुमच्या आंब्याचं ऊन अजून खाल्लं नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत, फक्त गिरजाचे गुडघे सोडून. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, आजपासून विसावा दिवस. त्यासाठी ठेवलेली चार लाखांची मुदतठेवीची पावती बँकेत आहे. ती अजून आहे, हे वाचून तुला काही वाटणार नाही. पण मला ते लिहितानासुद्धा हात जोडावेसे वाटतात. फोन करायचा सोडून कागद का काढला म्हणशील, तर माझा फोन जप्त झाला आहे. पोलिसांनी नाही केला, आम्रपालीनं केला. (आम्रपाली म्हणजे शेजारच्या सुभद्राबाईंची नात. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मारुंजीला खोली घेऊन राहते, आठवड्यातून एकदा आजीकडे येते.)

तर भिमाजी, मोठी बातमी अशी की मला मंगळवारी अटक झाली होती! पाच तास! घरच्या घरी, माझ्याच खाटेवर, उशीला टेकून! आयुष्यात संपात दोनदा गेटवर बसलो, एकदा मोर्चात लाठी चुकवली, पण अटक कधी नशिबी आली नव्हती. सत्तराव्या वर्षी आली, तीही चहा पितापिता.

सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. उचलला तर त्यात माणूसच दिसायला लागला. खांद्यावर तारे, मागे झेंडा, टेबलावर फायलींची चळत. म्हणाला, मी दिल्लीहून डीसीपी बोलतोय. तुमच्या आधार कार्डावर परदेशात एक पार्सल चाललं होतं, त्यात सोळा पासपोर्ट आणि नको ती पावडर सापडली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी घाबरलोच, पण आधी (तुला खोटं कशाला सांगू) जरा बरंही वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणीही काहीही विचारलेलं नाही. पेपरवाला बिलसुद्धा गिरजाकडे मागतो. आणि इथं दिल्लीचा साहेब माझं पूर्ण नाव घेतोय, वडिलांच्या नावासकट! शाळेत हजेरी घेताना गुरुजी तसं घ्यायचे. माझ्या तोंडून ‘हजर’ असं निघूनही गेलं.

मग त्यानं नियम सांगितले. तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात. फोन बंद करायचा नाही, घराबाहेर जायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, सांगितलं तर तिलाही आत घालू. ‘कॅमेरे के सामने से हिलना नहीं, बाबाजी!’ आज दिवसभर चौकशी, आणि बँकेतली चार लाखांची पावती उद्या बँक उघडताच मोडायची, सरकारच्या तपासणी खात्यात भरायची. पैसे स्वच्छ निघाले की दोन दिवसांत परत. बँकेत कुणी विचारलं तर नातीचं लग्न आहे म्हणायचं. (माझी नात दुसरीत आहे. पण साहेबाला उलट बोलायची आपल्याला सवय नाही.) भिमाजी, त्या क्षणी मला गिरजाचे गुडघे दिसले रे. जिन्याची चौथी पायरी चढताना ती कठड्याला धरून थांबते ना, तशी दिसली. पण साहेब म्हणत होता की पैसे भरले नाहीत तर खातं कायमचं गोठवू. म्हणजे वाचवायचे असतील तर द्यायचे, असं ते गणित. त्या वेळी मला ते बरोबर वाटलं.

पुढं तो म्हणाला, ‘अपने बारे में सब सच सच बताओ.’ आता हे वाक्य त्यानं माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको होतं. मी जन्मापासून सुरुवात केली. आपली शाळा सांगितली, मामाकडे राहून शिकणारा तू सांगितलास, कौलांतून फळ्यावर पडणारा तो उन्हाचा चौकोन सांगितला, जो कवितेच्या तासाला बरोबर गुरुजींच्या टोपीवर यायचा. मग कविता आल्याच. पाठ्यपुस्तकातल्या चार म्हटल्या, हातानं ताल धरून. मध्येच त्यानं विचारलं, खाती किती आहेत? मी म्हटलं, साहेब, कडवं तोडू नका, खात्यांवर येतो. नंतर माझी स्वतःची म्हटली, सातवीत केलेली, तुला आठवत असेल:

पवना येई, मुळा येई, दोघी भेटती दापोडीला,
एक विचारी दुसरीला, ‘बाई, उशीर का गं झाला?’

(वर्गात मी ही म्हणत होतो तेव्हा तू मागून म्हणाला होतास, ‘कोंड्या, गप की आता, मास्तर मारंल.’ मास्तरांनी मारलं नाही, वहीत ‘छान’ लिहिलं. ते ‘छान’ मी अजून जपून ठेवलंय.) साहेब सगळं ऐकत होता! त्याच्याच हुकमानं फोन बंद करता येत नव्हता ना. माझा मुलगा दोन ओळी झाल्या की ‘बाबा, मीटिंग आहे’ म्हणतो. हा गृहस्थ पाऊण तास जागचा हलला नाही. मला तर वाटायला लागलं की दिल्लीच्या पोलिसांबद्दल आपण उगाच वाईट ऐकतो.

पण दीडच्या सुमारास एक अडचण उभी राहिली, जी या वयात दर दोन-अडीच तासांनी उभी राहते. साहेब जाऊ देईना. आता मी चौतीस वर्षं पिंपरीत प्रेसवर काढलेला माणूस. कंपनीत पहिला नियम काय? मशीन मोकळं सोडायचं नाही. जायचं असेल तर रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, बसवायचा, त्याला चार्ज द्यायचा, वहीत सही घ्यायची, मग जायचं. त्यात गैर काय? मी साहेबाला म्हटलं, जागा मोकळी राहणार नाही याची हमी माझी. आणि हाक मारली, ‘गिरजा, ये गं, जरा अटकेत बस!’

तो ओरडला, ‘वाइफ को नहीं बताना था!’ मी म्हटलं, साहेब, बायको म्हणून नाही सांगितलं, रिलिव्हर म्हणून सांगितलं. जुन्या डायरीत नोंदही केली: ‘१.३५. चार्ज दिला. आरोपी: गिरजाबाई. पावतीबद्दल साहेब सांगतील.’ ती गुडघे धरत आली, फोन न्याहाळला आणि बसली.

भिमाजी, स्वभावानं बाई फार भोळी. मी परत आलो तर त्या साहेबाला विचारतेय, ‘जेवलात का, बाळा? वरणभात तरी खावा, गळा बसलाय तुमचा.’ आणि पैसे भरायच्या खात्याचा नंबर तिनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला. ‘चष्मा न्हाई हो, पुन्हा सांगा. सातानंतर काय म्हणालात?’ मलाच लाज वाटली. मग म्हणाली, माझा कुकर लावायचा राहिलाय, तुम्ही जेवून घ्या, तोवर मी सुभद्राबाईंना बसवते. आणि बसवलंच. सुभद्राबाईंनी चार्ज घेतला, डायरीत अंगठ्यासारखी सही केली आणि खुर्ची पुढं ओढून आपलंच सुरू केलं: ‘साहेब, माझा पुतण्या भरतीला दोनदा धावला. छातीत अर्धा इंच कमी पडला बघा. तुमच्या खात्यात कुठं चिकटवता येतंय का?’ साहेबानं कपाळाला हात लावला. ‘ये सब लोग कौन हैं?’ म्हणाला. सुभद्राबाई म्हणाल्या, ‘गल्लीतलेच हाय, परके न्हाईत.’

चार वाजता (आणि हा योगायोग बघ) आम्रपाली आजीकडे आली. मंगळवारी ती कधी येत नाही. सरळ आमच्या घरात शिरली, डायरी वाचली, आणि काही न विचारता अटकेत जाऊन बसली. गोड आवाजात म्हणाली, ‘सर, मागची फ्रेम नीट दिसत नाही, जरा उभे राहता का?’ कुणी उभं राहा म्हटलं की माणूस सवयीनं राहतोच. तोही राहिला. वर तारे आणि खाली फुलाफुलांचा बर्मुडा! सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. आम्रपाली म्हणाली, ‘काका, तुमच्या युनिफॉर्मची खालची बाजू धुवायला गेलीय का? हा कॉल रेकॉर्ड होतोय.’ क्षणात झेंडा, फायली, डीसीपी सगळं गायब. माझ्या कवितेचं शेवटचं कडवं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

तर असे हे लोक बँका लुटतात. कुलूप फोडत नाहीत, माणसाकडूनच उघडून घेतात. आधी भीती घालतात, मग घाई करतात, आणि सगळ्यात आधी घरच्या माणसापासून तोडतात. आम्रपाली म्हणते, डिजिटल अरेस्ट असा कायद्यात प्रकारच नाही. पण आपल्या चौतीस वर्षांच्या शिस्तीपुढं त्यांचं काही चाललं नाही! चार लाखांतला एक पैसा हलला नाही. रविवारी विहारात याच विषयावर माझं भाषण ठेवलंय, शीर्षक ‘सावध नागरिक’. मुलांपुढं कविताही म्हणेन म्हणतो. सकाळपासून छाती अशी भरून येते की काय सांगू. वहिनींना हे वाचून दाखव, बर्मुड्याचा भाग सोडून.

तुझा जिवलग, सुटका झालेला,
कोंडीराम

ता. क. एक लिहायचं राहिलं. त्या साहेबानं ओळखीचा एक प्रतिष्ठित माणूस मागितला होता. मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? तुझा नंबर दिला आहे. प्रतिष्ठित कसा, असं त्यानं विचारलं, म्हणून कंपनीला गेलेल्या जमिनीचे पैसे बँकेत आहेत तेही सांगावं लागलं. अनोळखी व्हिडिओ कॉल आला तर उचलू नकोस. आधीच उचलला असशील तर निदान रिलिव्हर बसव.

आणखी ता. क. भिमाजी, वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पावतीपुरतंच. सुरुवातीच्या अर्ध्या तासातच, गिरजाला हाक मारायच्या आधी, साहेबानं जामिनाची अनामत म्हणून चाळीस हजार मागितले आणि मी फोनवरून पाठवले. बचत खात्यातले; ऑपरेशननंतरच्या औषधांचे. हे आम्रपालीला सांगितलं नाही, गिरजाला तर नाहीच. दोन दिवस तिच्या गुडघ्यांकडे बघवत नाही. तक्रार लगेच करायची असते म्हणे, आणि मी इथं भाषणाची टिपणं काढत बसलोय. तू सोमवारी ये, राव. माझ्याबरोबर पोलीस चौकीत चल. एकट्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. घरी आपण शाळेच्या जुन्या मुलांचा मेळावा म्हणून सांगू. पत्र जाळून टाक.

भावजी, हे अक्षर माझं, गिरजाचं. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं. मी अटकेत बसले तेव्हा चाळीस हजार गेल्याचा बँकेचा मेसेज फोनच्या माथ्यावरच होता. म्हणून तर सुभद्राबाईंना बसवलं आणि त्यांच्या फोनवरून आम्रपालीला कळवलं. तिनं तिथूनच १९३० ला, म्हणजे फोनवरच्या फसवणुकीसाठी सरकारचा नंबर हाय त्यावर, तक्रार केली, खात्याचा नंबर मी कॅलेंडरवर लिहून घेतलाच होता. पैसे पुढच्या बँकेत अडवून ठेवलेत, मिळतील म्हणतात. पण खातं यांचं, कागदावर सही यांचीच लागती, आणि हे मला सांगायला तयार न्हाईत. म्हटलं, अजून चार दिवस लाज वाटू द्या, पुढच्या वेळी फोन उचलायच्या आधी विचारतील. तरी तुम्ही सोमवारी नक्की या. मला काहीच ठाऊक न्हाई असं समजून यांना चौकीत घेऊन जा. मेळाव्याला म्हणून दोघांचा डबा बांधून देईन. चौकीत फार वेळ बसवतात.