उभी बाज

८ मार्च, आहुपे

पोचलो एकदाचा. एसटी पन्नास मिनिटं उशिरा निघाली आणि त्याबद्दल मला कुणी शिव्या दिल्या नाहीत, ही निवृत्तीची खरी गोडी. एकतीस वर्षं नारायणगावच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या. आज खिडकीच्या बाहेर उभं राहून वाट पाहिली, तेव्हा लोक एवढे का चिडायचे ते कळलं.

खोली मनासारखी मिळाली. पुढे सारवलेलं अंगण, उत्तरेला आणि पूर्वेला मोकळं रान, पलीकडे देवराईची काळी रेघ. अंगणात सुंभाची एक जुनी बाज. घरमालकीण तुकामावशी सत्तरीच्या पुढची. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन घाटाने कोकणात उतरायची. आता दहाबारा शेळ्या उरल्यात आणि मुलगा राघू जीप चालवतो. तिने नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण वाढलं, आणि एकटा माणूस इथं काय बघायला आला म्हणून विचारलं. चांदण्या, म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. तुमच्या वारूळवाडीला काय चांदण्या नसतात का, असं तिचं म्हणणं. असतात, पण हायवेच्या दिव्यांपुढे दिसत नाहीत.

खरं म्हणजे चांदण्यांची हौस शालनची, माझ्या बायकोची. मी तिचं राहिलेलं काम घेऊन आलोय.

९ मार्च

शालनचं पुस्तक तळहाताएवढं आहे. रेक्झिनचं कव्हर, मागे फिरणारी चकती. चकतीवरची तारीख आणि घड्याळातली वेळ एकासमोर एक आणायची, पुस्तक डोक्यावर धरायचं, उत्तरेची खूण उत्तरेकडे करायची, की त्या घटकेचं आभाळ चकतीच्या खिडकीत येतं. मला हे फार पटलं. आभाळाचं वेळापत्रकच ते, आणि तिथली एकही गाडी लेट नसते. सूचना साध्या आहेत: आधी वीस मिनिटं अंधारात बसा, बॅटरीला लाल कागद लावा, हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. शालनने मिठाईच्या पुड्यावरचा लाल जिलेटीन कागद लावला होता. तो अजून रबराने बॅटरीला बांधलेला आहे.

शेवटी साठ नावांची यादी आहे आणि प्रत्येकासमोर पाहिल्याची तारीख लिहायला जागा. एकोणसाठ तारखा तिच्या शिसपेन्सिलीत आहेत. एकच जागा रिकामी: वसिष्ठ आणि अरुंधती.

त्याची गंमत अशी. आमचं लग्न भर दुपारी पाऊण वाजता लागलं. भटजींनी मांडवाच्या ताडपत्रीकडे बोट दाखवून अरुंधती दिसली का विचारलं आणि आम्ही दोघांनी दिसली म्हणून सांगितलं. आपल्या संसारातलं पहिलं खोटं, असं शालन पुढे तीस वर्षं म्हणत आली. ते खरं करायचं तर दोघांनी मिळूनच, म्हणून तिने एकटीने कधी पाहिली नाही. आणि मला रोज ड्युटी. पुढच्या रविवारी बघू, पुढच्या महिन्यात बघू, रिटायर झाल्यावर बघू. पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलात ती कोरोनात गेली.

रात्री पावणेनऊला सप्तर्षी नीट वर आले. या दिवसांत ते ईशान्येला उभे असतात, चौकोन वर आणि शेपटीचे तीन तारे खाली. तिघांतला मधला वसिष्ठ, आणि त्याला चिकटून अरुंधती असायला हवी. मला नाही दिसली. अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो म्हणतात. माझं म्हणणं, मोतीबिंदू आहे.

चटईवर उताणं पडायला जागा हवी होती, म्हणून अंगणातली बाज भिंतीशी उभी करून ठेवली.

११ मार्च

काल सकाळी बाज अंगणाच्या मधोमध आडवी होती. मावशीने टाकली असेल म्हणून मी बोललो नाही, संध्याकाळी पुन्हा उभी केली. आज सकाळी पुन्हा आडवी, त्याच जागी. तेव्हा विचारलं. तिने हात लावला नव्हता. पण मी बाज उभी केली होती हे ऐकून तिने डोक्यावरची शेणाची पाटी खाली ठेवली.

घरातून मयत गेलं की त्या माणसाची बाज तेरा दिवस उभी करतात, एरवी नाही, एवढं मलाही ठाऊक आहे. पण इथे फाल्गुनात मयत झालं तरी बाज उभी करत नाहीत, कारण तेव्हा आभाळातली बाज उभी असते. सप्तर्षींना ती बाज म्हणते. मी माझी अक्कल पाजळली, की म्हातारीची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर, ही गोष्ट लहानपणी मीही ऐकली आहे. तिने मान हलवली आणि सावकाश सांगितलं.

"चोर न्हाईत ते, भाऊ. खांदेकरी हायेत. बाजंला पाय चार, आन् ते तीनच. म्हनून ती बाज कुटं टेकत न्हाई, रातभर फिरवीत बसत्यात. खाली उबी बाज दिसली की त्यांना वाटतं, हितं कुनाचा तरी खांदा द्यायचा ऱ्हायलाय."

मी हसलो. हसायचं नव्हतं, पण काहीतरी करायला हवं होतं.

तिने बाज स्वतः आडवी केली, संध्याकाळी अंगण नव्याने सारवलं आणि मला शपथ घातली. मी हो म्हणालो. अंधार पडल्यावर बाज पुन्हा उभी केली. का केली ते आज लिहीत नाही.

१२ मार्च

बाज पुन्हा मधोमध. ओल्या सारवणावर या वेळी सगळं उमटलंय. बाजेच्या तीन कोपऱ्यांशी तीन माणसांची पावलं. पावलांना बोटं नाहीत, पायात पिशव्या घालून चालल्यासारखी. चौथ्या कोपऱ्याशी पाऊल नाहीच. तिथून फाटकापर्यंत एक लांब ओरखडा आहे, बाजेचा खूर घासत आणल्यासारखा.

अंगणाला वास आहे. फरशी पुसायच्या औषधाचा, दवाखान्यातला. मावशी म्हणते असला वास तिने कधी घेतला नाही. मी घेतलाय.

१३ मार्च

लिहून टाकतो. पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही, स्नेहललासुद्धा नाही, आणि ती आमची एकुलती एक मुलगी.

शालन पहाटे चारला गेली. सकाळी नऊला तिला दवाखान्याच्या मागच्या दाराने गाडीकडे न्यायचं होतं. मागे सात पायऱ्या, स्ट्रेचरची चाकं चालेनात. उचलायला तिघंच होते, पांढऱ्या किटमध्ये, पायांना पिशव्या बांधलेल्या. त्यांतला एक दमलेल्या आवाजात म्हणाला, "एक माणूस कमी पडतोय. घरचं कोणी आहे का?" चौथा किट त्याने हातात धरला होता.

मी चार पावलांवर होतो. माझा ताप उतरून चार दिवस झाले होते. हात पाय धड होते. मी खांबाच्या मागे सरकलो.

भीती वाटली, दुसरं काही नाही. तिघांनीच तिला उचललं. चौथा कोपरा लोंबत होता. शेवटच्या पायरीवर तो दगडाला लागला, ठक असा आवाज झाला, आणि प्लॅस्टिकमधून तिचा हात सरकून बाजूला आला.

तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला मी खांदा दिला नाही. घरी लोक म्हणाले, नियमच तसे होते, सयाजीराव, तुम्ही तरी काय करणार. मी मान हलवली. संसारातलं शेवटचं खोटं.

१४ मार्च

मावशीने राघूला सांगून बाज त्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवली. राघू भला माणूस आहे. उद्या जीपने घोडेगावला सोडतो म्हणाला, पैसे नकोत म्हणाला. स्नेहलचाही पुण्याहून फोन आला. माझा आवाज वेगळा येतोय असं तिला वाटलं. पाडव्याला ती येणार आहे, मग मला घेऊनच जाणार आहे. श्रीखंड आणते म्हणाली.

सात वाजता गोठ्यात जाऊन बाज मी पाठीवर घेऊन आलो आणि भिंतीशी उभी केली. चुकून नाही. मुद्दाम.

ती तिघं तिला घेऊन येत असतील तर येऊ देत. मला ती हवी आहे.

१५ मार्च

रात्री साडेअकराला फाटकाशी आवाज. ठक. थोड्या वेळाने अंगणात. ठक.

दार उघडलं नाही. पुन्हा नाही उघडलं. आतल्या भिंतीला पाठ लावून बसलो, त्या दिवशी खांबाला लावली होती तशीच. सकाळी बाजेचा सुंभ मधे खोलगट झालेला. कुणी निजून उठल्यावर होतो तसा. हात लावला. गार.

१६ मार्च

पुस्तक उशाशी होतं. सकाळी उघडलं. यादीतली साठावी जागा भरली आहे. १८ मार्च. तिचाच आठ, वर शेंडी ठेवून काढलेला. शिसपेन्सिल मी आणलीच नव्हती.

मावशीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तिने पुस्तकाला हात लावला नाही. शेळ्या घेऊन ती राघूकडे वरच्या वाडीला गेली. जाताना रडली. मी तिचा कोण? तरी रडली.

१७ मार्च

पुस्तकात म्हटल्याप्रमाणे वीस मिनिटं अंधारात बसलो. मग वर पाहिलं. बाज उभी आहे, चारही खूर जागेवर. खाली दोनच तारे.

चष्मा पुसला. चकती पुन्हा लावली. दोनच.

रात्री — ठक. दाराजवळ. दाराच्या अगदी — आणि तो प्रश्न. तोच, त्याच दमलेल्या आवाजात. एकदाच विचारला. मी तोंडावर हात दाबून —

नाही गेलो. आजही नाही गेलो. शालन, मला माफ कर.

१८ मार्च, अमावास्या

दुपारी — राघू येऊन गेला. जीप दारात उभी केली. नाही म्हटलं. त्याच्याजवळ स्नेहलचा नंबर दिला आहे. तिला सांगायचं, बाबा घाबरले नाहीत. एवढंच सांग म्हटलं.

अंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो. बाज उभी केली. उंबऱ्यावर बसून लाल उजेडात लिहितोय. दार उघडं आहे.

पावणेनऊ. आभाळात चौकोन आहे. तिघं नाहीत. एकही नाही.

फाटक वाजलं —

भिंतीशी बाज नाही. अंगणात आहे, हातांवर. तीन कोपरे, तिघं. पांढरे. तोंडं दिसत नाहीत. चौथा कोपरा खाली लोंबतोय आणि — तिचा हात. बांगडी नाही, काढून घेतली होती — हात तिचाच आहे

थांबलेत. विचारत नाहीत आता. नुसते थांबलेत

उठतो. आहे, म्हणून सांगतो, घरचा माणूस आहे —

वर पाहिलं. जिथे वसिष्ठ असायचा तिथे एकटीच, बारीक — इतकी बारीक — त्याच्या उजेडात लपायची ती

दिसली. शालन, दिसली गं. खांद्यावर घेताना सांगतो तुला. या वेळी खोटं नाही, खरंच दिस